विझलेला सिग्नल

पल्लवी सिस्टर माझ्या पोटावरची पट्टी काढायला आली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"राहू दे," मी म्हटलं.

"ताई, आता तिचा काय उपयोग नाही." हे तिने इतक्या हळू सांगितलं, जणू खोलीत कुणी झोपलं होतं. "बाळाचा ठोका थांबला की पट्टी काढून ठेवतो आम्ही. बायकांना त्रास होतो बघून."

"मला नाही होणार. राहू दे."

ती थोडा वेळ घुटमळली. शेवटी यंत्राचा आवाज पार बंद करून, पांघरूण माझ्या गळ्यापर्यंत ओढून निघून गेली. मायेने वागत होती बिचारी. त्या दिवशी सगळेच माझ्याशी मायेने वागत होते, आणि त्या मायेनेच मी एकटी पडत चालले होते.

सकाळी मी चालत आले होते दवाखान्यात. आठवा महिना सरत आला होता. पाठीत कळ होती, पोट जड वाटत होतं आणि आदल्या संध्याकाळपासून आतली हालचाल मंदावली होती. डॉक्टर तांबोळींनी सोनोग्राफी केली. एरवी त्या पडदा माझ्याकडे वळवून नाक, हात, पाय दाखवायच्या. आज त्यांनी तो वळवला नाही, आणि मी समजले.

"शलाका, बाळाचं हृदय थांबलंय," त्या म्हणाल्या.

माझा नवरा हृषी भिंतीवरच्या गोऱ्यागोमट्या बाळाच्या चित्राकडे बघत उभा राहिला. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता भूल देतील, आणि मी जागी होईन तेव्हा सगळं आवरलेलं असेल. तसं काही नसतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि समोर बसून सांगितलं, की गोळ्या देऊन कळा आणायच्या, नेहमीच्या बाळंतपणासारखंच. पोट उघडणं तुमच्या जिवाला जास्त धोक्याचं, आणि पुढच्या खेपेलाही नडतं.

"म्हणजे कळा सोसायच्याच?"

"हो. आणि त्या तेवढ्याच दुखतात. दुखणं कमी करायला औषध देईन, पण खोटं सांगणार नाही."

त्यांचा हा स्वभाव मला आवडतो. त्या क्षणी मात्र मला त्यांचा राग आला.

मग मला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. प्रत्येक मॅटर्निटी दवाखान्यात अशी एक खोली असते म्हणे. इतर बाळांचं रडणं ऐकू येऊ नये, पेढे वाटणारे नातेवाईक दारावरून जाऊ नयेत, म्हणून सगळ्यात टोकाची. भिंतीवर चित्र नाही, पाळणा नाही. एक कॉट, एक खुर्ची आणि सोबतीण.

सोबतीण म्हणजे यंत्र. हे नाव पुण्याच्या कुठल्यातरी हुशार माणसाने गारेगार केबिनमध्ये बसून ठेवलं असणार. पण यंत्र चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. आमच्या लग्नाच्या सुमारास ते आलं आणि चार-पाच वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाळंतपणात बाई दगावल्याची बातमी जवळजवळ ऐकू येईनाशी झाली.

त्याची करामत साधी होती. बाळंतपणात बाईला सगळ्यात मोठा धोका रक्तस्रावाचा, आणि तो बऱ्याचदा आतल्या आत होतो. बाईचं शरीर मोठं हट्टी असतं. रक्त कमी पडलं तरी मेंदूला आणि हृदयाला ते कमी पडू देत नाही. नाडी, ब्लडप्रेशर बराच वेळ ठाकठीक दाखवतं आणि मग एकदम कोसळतं. पण हे निभावायला ते आधी दुसरीकडे काटकसर करतं, आणि पहिली काटकसर होते गर्भपिशवीची. तिथलं रक्त घटलं की बाळाचा ठोका लगेच बदलतो. म्हणजे आईच्या जिवावर बेतणार हे आईच्या आधी बाळाला कळतं. सोबतिणीने लाखो बाळंतपणांचे ठोके ऐकून हेच शिकून घेतलं होतं. पोटावरच्या पट्टीतून ती बाळाचं हृदय ऐकायची, बोटाच्या चिमट्यातून आईचं, आणि दोन्ही जोडून धोका आधीच ओळखायची. डॉक्टर तांबोळी पहिल्या तपासणीला म्हणाल्या होत्या, "तुमचं बाळ तुमची राखण करतंय असं समजा." मी घरी येऊन हृषीला हे सांगितलं, तेव्हा तो माझ्या पोटाला म्हणाला होता, "राखणदार, डुलकी लागू देऊ नका."

सोबतीण आल्यावर दवाखान्यांनी माणसं कमी केली. सहा खोल्यांना एक सिस्टर. ती मधल्या टेबलाशी बसून खोल्यांचे दिवे बघते. हिरवा असेल तर तिने उठायचं कारण नाही.

माझ्या खोलीचा दिवा हिरवा होता.

तोच मला खुपत होता. मी मिरज जंक्शनला असिस्टंट स्टेशन मास्तर आहे. आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात जे घोटून घेतात ते हे, की सिग्नल विझलेला दिसला तर तो लाल समजायचा. यंत्राने लाईनची खबर देणं बंद केलं, तर लाईनवर गाडी उभी आहे असं धरायचं. खबर नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं धरणाऱ्याला आमच्याकडे कुणी सिग्नलच्या पॅनेलवर बसवणार नाही. आणि इथे माझा राखणदार विझला होता आणि यंत्राने खुशाल हिरवा दिला होता. बाळाचा पहारा संपला, आई उरली, आईची नाडी ठीक, म्हणून हिरवा. हे सगळं मी त्या वेळी इतकं नीट मांडलेलं नव्हतं. मला फक्त पट्टी काढायची नव्हती. बाळाच्या अंगाला बाहेरून टेकलेली तेवढी एकच गोष्ट होती.

गोळ्या दिल्यावर आत्या थोडा वेळ बसल्या. जिवंत बाळाचं बाळंतपण असतं, तर खोलीत बायकांना उभं राहायला जागा उरली नसती. माझी आई, माझ्या दोन्ही नणंदा, शेजारच्या काकू. आज आईला प्रवास झेपणार नव्हता, नणंदांनी फोनवर "काय बोलावं कळत नाही" म्हणून फोन ठेवला, आणि शेजारच्या काकूंना कुणी कळवलंच नाही.

"मी बाहेर बसते बाळा," आत्या म्हणाल्या. "मला बघवंना. तू पड निवांत."

हृषी दारातच उभा होता. "मी जरा... जागा बघून येतो," तो म्हणाला. एवढ्या लहान जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. नदीच्या अंगाला त्यासाठी एक तुकडा आहे. जागा बघायला त्याच्या चुलतभावाला पाठवलं असतं तरी चाललं असतं, हे त्यालाही माहीत होतं. मी मान हलवली. माणूस आपल्याला जे झेपतं ते करायला पळतो. मी कॉटवर नसते, तर मीही कुठेतरी पळाले असते.

कळा सुरू झाल्या. दोन कळांच्या मध्ये खोली इतकी शांत व्हायची, की सलाईनचे थेंब मोजावेत. मी हात लांब केला आणि सोबतिणीचा आवाज चालू केला. का केला, सांगता येणार नाही. शांतता नको होती एवढंच.

आणि ठोका ऐकू आला.

भुस्स, भुस्स, भुस्स. एका लयीत, भरदार. तपासणीला ऐकायचे त्यापेक्षा जरा संथ, पण तसाच. मी श्वास धरून ऐकत राहिले. तो थांबला नाही. मी बेल दाबली आणि दाबून धरली.

पल्लवी धावत आली, ऐकलं, आणि तिचा चेहराच पालटला. ती तशीच डॉक्टरांना बोलवायला पळाली. आत्या आत आल्या, पट्टीकडे बघत हात जोडून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. "आलं गं माझं सोनं, परत आलं," एवढंच त्या म्हणत होत्या. त्यांनीच हृषीला फोन लावला. तो अजून नदीपर्यंत पोचला नव्हता. मला फोनमधून त्याचा आवाज ऐकू आला, "नीट सांग, आई, नीट सांग."

डॉक्टर तांबोळी सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन आल्या. या वेळी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बाळ होतं. छाती होती. छातीत काही हलत नव्हतं. ठोका मात्र खोलीभर चालूच होता.

"शलाका, इकडे लक्ष द्या." त्यांनी माझा उजवा हात उचलून माझीच बोटं माझ्या डाव्या मनगटावर ठेवली. "आता ऐका."

भुस्स. बोटाखाली एक ठोका. भुस्स. आणखी एक. दोन्हींचा मेळ कुठेही चुकत नव्हता.

"पट्टी हलणारं रक्त ऐकते," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाचं हृदय चालू असतं, तेव्हा ते ऐकते. ते थांबलं की त्याच्या शेजारचं, तुमच्या गर्भपिशवीच्या शिरांमधलं रक्त ऐकू येतं. एरवी सोबतीण ते गाळून टाकते. आता बाळाचं खातं बंद केल्यामुळे ती ते तपासतच नाही, नुसतं वाजवते. तुमचाच ठोका आहे हा. माफ करा."

हृषी तोवर दारात पोचला होता. तो धावत आला होता, घामाने शर्ट चिकटला होता आणि तो हसत होता. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं. त्याचं ते हसू चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं, आणि सकाळपासून जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

"काढा ती पट्टी," आत्या म्हणाल्या. "पोरीला छळायला लावलीय नुसती."

पल्लवीने हात पुढे केला. मी पोटावर हात ठेवला.

"शलाका, काढ ना ते," हृषी म्हणाला. "मला नाही ऐकवत."

"मग ऐकू नको."

हे मी फार वाईट सुरात बोलले. तो बाहेर गेला. आत्या त्याच्या मागे गेल्या. मी डोळे पुसले आणि डॉक्टरांना विचारलं, "गर्भपिशवीचं रक्त आधी घटतं ना? बाळाला ते आधी कळायचं, ते त्यामुळेच ना?"

"हो."

"मग ही पट्टी आता तेच रक्त ऐकतेय. बाळ मध्ये नाही एवढंच. आता माझ्यावर नजर कुणाची आहे?"

"बोटाचा चिमटा आहे. नाडी, प्रेशर..."

"ते तर शेवटी कोसळतं म्हणालात."

मी त्यांना विझलेल्या सिग्नलचं सांगितलं. मध्ये एक कळ आली, ती जाईस्तोवर थांबले, आणि राहिलेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सोबतिणीला हा आवाज वाचायला कुणी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अशी बाळंतपणं तिला शिकवताना वगळलेली आहेत. बाळाचा ठोकाच नाही, तर जोडी कशी लावणार, म्हणून. त्यामुळे ती तुम्हाला काही सांगणार नाही. पण पट्टी असू द्या. मी अधूनमधून येऊन ऐकेन."

त्या दोनदा आल्या. मग चार नंबरच्या खोलीत जुळ्यांची गडबड उडाली आणि त्यांना तिकडे जावं लागलं. त्यात त्यांची चूक नाही. तिथे तीन जीव होते.

दुपार कलली. खिडकीतून आलेलं ऊन खुर्चीवर पडलं होतं, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी कळा देत होते. मला माणूस हवं होतं. कुणीही. बोलायला नको, हात धरायला नको, त्या खुर्चीत नुसतं बसायला. बाहेर बाकावर माझीच माणसं बसली होती, पण आपण आत गेलो तर हिला जास्त त्रास होईल असं त्यांना वाटत होतं, आणि हाक मारली तर त्यांना त्रास होईल असं मला वाटत होतं. मग मी तो ठोकाच ऐकत राहिले. आपलाच असला, तरी तो खोलीतला दुसरा आवाज होता.

ऐकता ऐकता तो लांब गेला.

आधी वाटलं, पट्टी सरकली. दाबून बघितली, घट्ट होती. बोटाच्या चिमट्याची टिकटिक पहिल्यासारखीच खणखणीत होती, पडद्यावरचे आकडे जागेवर होते. पण पोटावरचा भुस्स आता नुसता फस्स उरला होता. पंखा फिरला की तेवढाही ऐकू येईना. कळ ओसरली तरी पोट सैल पडत नव्हतं, दगडासारखं कडक राहिलं होतं. एकच हृदय, एका ठिकाणी जोरात आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतच नाही. पुढच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याची खबर आहे आणि माझ्याकडे ती येतच नाही, तर मी काय केलं असतं? मी बेल दाबली.

पल्लवी आली. पडदा बघितला. "सगळं हिरवं हाय की, ताई."

"पट्टी ऐक."

"ती तर तुमचीच नाडी..."

"हो, माझीच. माझी होती तेवढी राहिलेली नाही. मघाशी तू ऐकलीस ना? आता ऐक."

तिने पंखा बंद केला आणि वाकून कान लावला. मग बोटाचा चिमटा बघितला, पुन्हा कान लावला, आणि माझ्या पोटावर हात ठेवला. हात ठेवल्याबरोबर ती पळाली. दार उघडंच राहिलं.

पुढचं मला तुटक आठवतं. डॉक्टर आल्या, पोट दाबलं, म्हणाल्या, "वार सुटलीय, आत रक्त साचतंय." बाळाला पोसणारी वार आधीच थोडी सुटली असणार, त्यानेच बाळ गेलं होतं, आता ती पुरती सुटत होती, आणि रक्त बाहेर न येता तिच्या मागे साठत होतं. काढलेलं रक्त काचेच्या नळीत गोठत नव्हतं, हे कुणीतरी दोनदा सांगितलं. रक्ताच्या पिशव्या आल्या. दोन्ही हातांना सुया लागल्या. मग पडद्यावरचे आकडेही पडायला लागले आणि सोबतीण एकदम किंचाळायला लागली.

"आता ओरडतीय भवानी," पल्लवी म्हणाली आणि तिने यंत्राचं तोंड बंद केलं.

कुणीतरी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. ते हात आत्यांचे आहेत हे बांगड्यांवरून कळलं. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं, आणि बाहेर जा म्हणायला कुणाला सवड नव्हती. "कळ दे शलू, मी हाय," त्या म्हणत होत्या. मी कळ दिली.

मुलगी झाली. कुणीही रडलं नाही, तीही नाही.

माझी गर्भपिशवी राहिली आणि मीही राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तांबोळी त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चिमट्याची वाट बघत बसलो असतो, तर मी आज तुमच्या नवऱ्याशी एकट्याशी बोलत असते."

मुलीला मी पाहिलं. बघू नये असं सगळ्यांचं मत होतं. ती हृषीच्या कपाळाची होती आणि तिची नखं वाढलेली होती. तिला गुंडाळायला आत्यांनी स्वतःची मऊ झालेली साडी फाडली. हृषीने तिला नदीकाठी नेलं. त्याने काय केलं, कुठे ठेवलं, हे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

आम्ही पुढे बरेच महिने काही विचारत नव्हतो. मी ड्यूटीवर जायचे, गाड्या घ्यायचे, गाड्या सोडायचे. तो घरी आला की टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा. एकाच घरात आम्ही दोघं दोन टोकांच्या खोल्यांत राहत होतो. मी म्हटलं होतं ना, "मग ऐकू नको". तेव्हापासून त्याने माझं काही ऐकायचंच सोडलं, असं मला वाटायचं. त्याला काय वाटायचं, देव जाणे.

मग डॉक्टर तांबोळींचा फोन आला. सोबतीण बनवणाऱ्यांना त्या दिवसाचं पट्टीचं रेकॉर्डिंग हवं होतं. बाळ गेल्यावरही पट्टी शेवटपर्यंत राहिलेलं असं बाळंतपण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. त्यावरून ते तिला नव्याने शिकवणार होते, आणि दिव्याचा नियमही बदलणार होते: बाळाचा ठोका थांबला, की खोलीचा दिवा लाल, आणि खोलीत एक माणूस बसलाच पाहिजे. माझी हरकत नसेल तर.

"आधी मला ऐकू द्या," मी म्हटलं. त्यांनी ते पाठवलं.

रविवारी सकाळी, हृषी दाढी करत असताना, मी ते स्वयंपाकघरात लावलं. भुस्स, भुस्स, भुस्स. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून दारात आला.

"बंद कर," तो म्हणाला. "मी त्या दिवशी पुलावरून पळत आलो होतो, शलाका. ती आहे म्हणून. तिचा नाही तो आवाज. कशाला ऐकतेस?"

"तिचा नाहीच. माझा आहे."

"मग?"

"पट्टी तिच्या शेजारून ऐकत होती, हृषी. माझं रक्त आतून कसं ऐकू येतं, ते आहे हे. तिला कान आल्यापासून ती हेच ऐकत होती. दुसरं काही तिने फारसं ऐकलंच नाही. तिच्याकडचा एवढाच आवाज आपल्याकडे आहे."

नळ वाहत होता, तो जाऊन त्याने बंद केला. परत आला, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि साबण लागलेल्या गालानेच बसला. रेकॉर्डिंग पुढे सरकलं. ठोका लांब जायला लागला, बारीक झाला, आणि मग पल्लवीने पंखा बंद केल्याचा खट्‌ असा आवाज आला.

हृषीने टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली.

"सुरुवातीपासून लाव," तो म्हणाला.